सैल हाताचा वाचक

गेल्या डिसेंबरात माझी भाची महिनाभराच्या रजेवर घरी आली, तेव्हा तिच्या सामानात एक अर्धवट लिहिलेला मराठी लेख होता. ती अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. आपल्या जुन्या शाळेच्या वार्षिकांकासाठी कामाविषयी मराठीत काही लिहून द्यायचे तिने कबूल केले होते आणि पहिल्याच पानावर ती अडली होती. 'मामा, तू मराठीचा प्राध्यापक ना? मग मला शब्द दे,' असे म्हणून तिने ते कागद माझ्या पुढ्यात टाकले. माझ्याकडे इतक्या हक्काने शब्द मागायला कोणी येऊन बराच काळ लोटला असल्यामुळे मी सुखावलो, हे कबूल करायला हवे. त्याच टेबलाच्या खणात, मोल्सवर्थच्या कोशाखाली, माझ्या रक्ततपासणीचा एक अहवाल नोव्हेंबरपासून पालथा पडून होता. पण त्याविषयी पुढे.

तिचा विषय एका वाक्यात मांडायचा तर असा : जिवंत पेशींची घडण अशी बदलायची, की आपल्याच प्रथिनांवर उमटणाऱ्या आणि पुसल्या जाणाऱ्या रासायनिक खुणांची बातमी त्या पेशींनी आपण होऊन बाहेर द्यावी. हे वाक्य मला आज लिहिता येते. त्या दिवशी ते समजायला मला तीन संध्याकाळी लागल्या, आणि त्यांपैकी पहिली तर मी चुकीच्या आनंदात घालवली.

तो आनंद शब्दांचा होता. जनुकातल्या मजकुराची पेशी जी कामापुरती नक्कल उतरवून घेते, तिला जीवशास्त्रात प्रतिलेखन म्हणतात. त्या नकलेवरून प्रथिन घडवण्याला भाषांतरण म्हणतात. हे शब्द आपल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातही आहेत. चार अक्षरांच्या लिपीतला मजकूर वीस अमिनो आम्लांच्या लिपीत जातो, म्हणून भाषांतर. पण प्रथिन तयार झाले म्हणजे त्याचे काम सुरू झाले असे नाही. त्यावर आणखी संस्कार होतात : कुठे फॉस्फेटचा एक गट येऊन बसतो, कुठे साखरेचा रेणू, कुठे आणखी काही. या बदलांना 'भाषांतरोत्तर बदल' असे नाव आहे. ज्याने आयुष्यात एकदा तरी भाषांतर केले आहे त्याला या नावाची गंमत सांगायला नको. पहिला खर्डा पुरा झाल्यावरच खरे काम सुरू होते!

पुढे तर ती म्हणाली, की खूण करणाऱ्या विकराला त्यांच्याकडे सर्रास 'लेखक' म्हणतात, खूण काढून टाकणाऱ्याला 'खोडणारा', आणि खूण ओळखून तिला धरणाऱ्या प्रथिनाला 'वाचक'. मी जवळजवळ उठूनच उभा राहिलो. लेखक, वाचक, संहिता, भाषांतर! आमच्या समीक्षेचा निम्मा शब्दसंग्रह यांनी पेशीत नेऊन ठेवला आहे, आणि आम्ही मात्र अभ्यासमंडळांच्या बैठकांत साहित्याचा उपयोग काय याचे खुलासे लिहीत बसलो आहोत. मी तिथल्या तिथे अर्ध्या तासाचे व्याख्यान दिले. तिने ते ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाली, 'मामा, वाचतं-बिचतं काही नाही रे. चिकटतं. आकार आणि विद्युत्भार जुळला तर चिकटतं, नाही जुळला तर नाही. आम्ही सोयीसाठी वाचक म्हणतो. तू त्याला चष्मा लावू नकोस.'

मला ते लागले. तथापि ती बरोबर होती, आणि रूपक कुठवर ओढायचे हे विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या माणसाने तरी हे आधी ओळखायला हवे होते. दुसऱ्या संध्याकाळी मी गप्प बसून ऐकायचे ठरवले.

तिने साखरेपासून सुरुवात केली. आपल्या स्नायूंत साखर ग्लायकोजेन या रूपात साठवलेली असते आणि गरज पडली की फॉस्फोरिलेज नावाचे विकर ती सोडवून देते. हे विकर दोन अवस्थांत आढळते, एक निजलेली आणि एक जागी. १९५० च्या दशकात सिएटलमध्ये एडविन क्रेब्स आणि एडमंड फिशर या दोघांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. स्नायूंचा अर्क गाळण्याच्या कागदातून गाळला की विकर जागे होई. कागद टाळला की ते निजलेलेच मिळे. कागदातले किंचित कॅल्शियम याच्या मुळाशी होते. त्या कॅल्शियममुळे दुसरेच एक विकर कामाला लागत होते आणि ते फॉस्फोरिलेजवर फॉस्फेटचा एक गट नेऊन बसवत होते. १९५५ च्या सुमारास हे उलगडले. फॉस्फेट बसले की विकर जागे, काढले की पुन्हा निजले. बसवणारा वेगळा, काढणारा वेगळा. या शोधाला नोबेल मिळाले ते १९९२ साली. माणसाच्या जनुकसंचात असे फॉस्फेट बसवणारी पाचशेहून अधिक विकरे आहेत असे आज मानले जाते. त्यांना कायनेज म्हणतात.

मला अनुस्वार आठवला. 'वश' आणि 'वंश' यांत एका टिंबाचा फरक आहे; शब्दाचे बाकीचे शरीर तेच, पण टिंब पडले की त्याचे नातेसंबंधच बदलतात. मी हे भीत भीत सांगितले. तिने थोडा विचार करून ते मंजूर केले, फक्त एक दुरुस्ती सुचवली : तुमचा अनुस्वार छापला की छापला, हा मात्र मिनिटामिनिटाला पडतो आणि पुसला जातो, आणि नेमके तेच बघायचे आहे.

अडचण तिथेच होती. कितीतरी वर्षे ही खूण पाहण्याचे मार्ग होते ते सगळे पेशीच्या मरणातून जाणारे. किरणोत्सारी फॉस्फरस पाजा, पेशी फोडा, प्रथिने वेगळी करा आणि कशावर किती फॉस्फेट चढले ते मोजा. पुढे फॉस्फेट लागलेलेच प्रथिन ओळखणारी प्रतिपिंडे आली, वस्तुमान मोजणारी अचाट यंत्रे आली. या पद्धती अजूनही वापरात आहेत आणि पुष्कळ बाबतींत त्यांना तोड नाही. पण लाखो पेशी एकत्र वाटून काढलेले उत्तर म्हणजे सगळ्या वर्गाच्या उत्तरपत्रिकांची सरासरी. एका पेशीत, पाचव्या मिनिटाला, तिच्या कडेला काय घडले आणि मध्याशी काय घडले, हे त्यात दिसत नाही.

यावरचा उपाय एका जेलीफिशमधून आला. त्याची कथा प्रसिद्ध आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. ओसामू शिमोमुरा यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हजारो जेलीफिश गोळा करून त्यांतून एक हिरवे प्रकाशणारे प्रथिन वेगळे केले आणि १९६२ मध्ये त्याची नोंद केली. १९९२ मध्ये डग्लस प्रॅशर यांनी त्याचे जनुक हाती आणले. १९९४ मध्ये मार्टिन चॅल्फी यांनी ते जनुक जिवाणूत आणि एका सूक्ष्म कृमीत घालून दोघांनाही हिरवे करून दाखवले, आणि रॉजर चिएन यांनी त्या प्रथिनाचे निळसर, पिवळे असे निरनिराळे रंग घडवले. २००८ चे नोबेल शिमोमुरा, चॅल्फी आणि चिएन यांना मिळाले. प्रॅशर यांनी अनुदान संपल्यावर ते जनुक या दोघांच्याही हाती विनामूल्य सोपवले होते; पारितोषिक जाहीर झाले तेव्हा ते अलाबामात एका मोटारविक्री केंद्राची गिऱ्हाइके ने-आण करणारी गाडी चालवत होते. जुन्या पोथ्यांच्या नकलाकारांविषयी आपण जे बोलतो ते इथे पुन्हा बोलण्याचा मोह मी आवरतो.

आता मुख्य गोष्ट. २००१ मध्ये चिएन यांच्या प्रयोगशाळेत जिन झांग आणि सहकाऱ्यांनी एका ठरावीक कायनेजवर पाळत ठेवणारा रेणू बनवला. मला तो कागदावर काढून दाखवण्यात आला, तो असा : एक लांबट, जोडून घडवलेले प्रथिन. त्याच्या एका टोकाला निळसर प्रकाशणारा भाग, दुसऱ्या टोकाला पिवळा. मध्ये दोन तुकडे. पैकी एक म्हणजे कोरी पाटी. त्या कायनेजला फॉस्फेट बसवण्यासाठी मुद्दाम ठेवलेली जागा. दुसरा तुकडा म्हणजे वाचक. तो कोऱ्या पाटीला ओळखही दाखवत नाही, पण तीवर फॉस्फेट बसले की तिला धरतो. धरले की सगळा रेणू वाकतो आणि दोन टोकांमधले अंतर व मांडणी बदलते. निळ्यावर प्रकाश टाकला असता एरवी तो निळाच चमकतो. पण पिवळे टोक काही नॅनोमीटरच्या आत आणि योग्य बाजूने येऊन उभे राहिले, तर निळा आपली ऊर्जा परस्पर त्याला देऊन टाकतो आणि चमकते ते पिवळे. म्हणजे सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्याला रंगांचे प्रमाण बदललेले दिसले, की समजावे आत कोणीतरी खूण केली. आणि हा रेणू बाहेरून टोचायचा नाही. त्याचे जनुक पेशीत घालायचे. पेशी स्वतःच त्याचे प्रतिलेखन करते, भाषांतरण करते आणि स्वतःवरच पाळत ठेवू लागते.

इथे आमचे शब्दांवरून भांडण झाले. इंग्रजीत या रेणूला सेन्सरही म्हणतात आणि रिपोर्टरही. 'संवेदक' तिला आवडला नाही. म्हणाली, 'त्यात वेदना ऐकू येते.' मी सांगितले की येणारच. वेद, वेदना, संवेदना ही सगळी एकाच 'विद्' धातूची लेकरे, जाणणे आणि दुखणे यांत संस्कृतने फार अंतर ठेवलेले नाही. यावर ती म्हणाली की शाळेच्या मुलांना हे वार्षिकांकात सांगता येणार नाही. रिपोर्टरला मी 'वार्ताहर' सुचवला. तिला तो संध्याकाळच्या दैनिकातला वाटला. मग तिनेच 'खबऱ्या' काढला. मला तो उथळ वाटला, पण जसजसे ऐकत गेलो तसतसा तो मला पटू लागला. खबऱ्या हा त्यांच्यातलाच एक असतो, त्यांच्यात राहतो, त्यांचेच खातो, आणि बातमी मात्र बाहेर देतो. शिवाय खबऱ्यावर पुरता विश्वास ठेवता येत नाही. हा शेवटचा अर्थ तिला फार आवडला. का, ते तिने लगेच सांगितले.

२००१ च्या त्या रेणूत वाचक म्हणून १४-३-३ नावाचे प्रथिन बसवले होते. (हे नाव एखाद्या चाळीतल्या खोलीच्या पत्त्यासारखे आहे, ते प्रथिन प्रथम ज्या गाळण्यांतून वेगळे केले तिथल्या क्रमांकांवरून ते पडले.) खूण उमटली की १४-३-३ ती धरी. रंग बदले. इथपर्यंत उत्तम. पण कायनेज थांबल्यावर, पेशीने खूण पुसायला काढल्यावर, रंग मागे फिरेना. कारण वाचकाने खूण इतकी घट्ट धरून ठेवली होती, की खोडणाऱ्या विकराला तिथे हातच घालता येईना. खबऱ्या सांगत होता की मजकूर अजून तसाच आहे. तो तसाच होता तेवढ्या एका रेणूत, आणि तोही या खबऱ्याच्याच मुठीमुळे. भोवतालच्या खऱ्याखुऱ्या प्रथिनांवरची खूण केव्हाच पुसली गेली असेल.

'मग काय केलं?' मी विचारले.

'वाचक बदलला. सैल हाताचा घेतला.'

यीस्टच्या एका प्रथिनातला एफएचए-१ हा तुकडा त्या जागी बसवण्यात आला. तोही फॉस्फेट ओळखतो, पण त्याची पकड ढिली आहे. तो धरतो, सोडतो, पुन्हा धरतो. मधल्या क्षणी खोडणाऱ्याला वाट मिळते. त्याच्या आवडीप्रमाणे कोऱ्या पाटीचीही अक्षरे थोडी बदलावी लागली. या सुधारलेल्या रेणूने पेशीचा रंग जसा गेला तसा परत आलेला दाखवला, आणि २००५ मध्ये त्याच्या आधारे चरबीच्या पेशींविषयी एक अनपेक्षित गोष्ट कळली. ॲड्रिनॅलिनच्या जातीच्या संप्रेरकाचा सांगावा आला की एरवी या पेशींतले ते कायनेज कामाला लागते आणि चरबी वितळवण्याची व्यवस्था करते. परंतु या पेशी दीर्घकाळ वाढलेल्या इन्सुलिनमध्ये ठेवल्या, जशी स्थिती दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात असते, तर सांगावा येतो, मधला निरोप्या रेणू उलट जास्तच तयार होतो, आणि तरीही त्या वाटेने आलेला निरोप कायनेजला लागू पडत नाही. शेजारी शेजारी असायला हवे होते ते दोघे बहुधा एकमेकांपासून दुरावतात, असा संशोधकांचा तर्क होता. केवळ निरोप्यांची मोजदाद केली असती, तर सगळे ठीक, किंबहुना अधिकच ठीक, दिसले असते.

मी ऐकत होतो, परंतु माझे मन घट्ट पकडीच्या वाचकापाशीच अडले होते. ती गोष्ट मला वर्गातली वाटत होती. रूपक ओढू नकोस अशी ताकीद ताजी होती, म्हणून तिला काही बोललो नाही, इथे लिहितो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला एक कविता शिकवत असे. तीत एक विहीर आहे. ती विहीर म्हणजे आधुनिक माणसाचे एकाकीपण, असे मी सांगत असे, आणि चांगले सांगत असे. मुले भारावून ऐकत. परीक्षेत शंभरातल्या नव्वद उत्तरपत्रिकांत माझीच वाक्ये मला परत मिळत, काही तर माझ्या श्वासाच्या जागांसकट. त्या वर्षी एका मुलीने मात्र निराळे लिहिले. विहिरीचे पाणी फेब्रुवारीनंतर किती पायऱ्या खाली जाते, पहाटे कोण आधी पोचते आणि कोणाला थांबायला लावतात, याविषयी तिने दीड पान लिहिले होते आणि त्यातूनच ती कवितेच्या शेवटच्या कडव्याकडे वळली होती. मी लाल शाईने समासात 'विषयांतर' लिहिले आणि दहापैकी तीन गुण दिले. पुढच्या चाचणीत तिने विहीर म्हणजे आधुनिक माणसाचे एकाकीपण असे लिहिले. मी आठ दिले.

पेशीतल्या वाचकाला काही कळत नाही. तो फक्त चिकटतो. मला कळत होते, निदान पगार त्याचाच मिळत होता. म्हणून ही तुलना बरोबर नाही, आणि चुकीच्या दिशेने तर मुळीच नाही. तरी ती दोन आकड्यांची नोंद, तीन आणि आठ, माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

तिसऱ्या संध्याकाळी कोश काढताना अहवाल तिच्या हाती लागला. एचबीए१सी : ९.१. तिने तो वाचला, तारीख पाहिली, आणि माझ्याकडे न बघता विचारले, 'आईला माहीत आहे?' माहीत नव्हते. ताईला कळले असते तर तिने वडिलांचा विषय काढला असता, आणि मला तो नको होता. आमचे वडील मधुमेहाने गेले, आधी पायाची बोटे आणि मग तो पाय. तपासणीच्या आधी दोन दिवस ते कडकडीत पथ्य पाळत. भात बंद, चहा बिनसाखरेचा. मग उपाशीपोटीची साखर बरी निघे आणि तो कागद ते आल्यागेल्याला दाखवत. त्या संध्याकाळी घरात श्रीखंड येई. आम्हा मुलांना त्यांची ही युक्ती माहीत होती आणि आम्ही तिला हसत होतो.

'ही तपासणी असती तर आबांना ते जमलं नसतं,' भाची म्हणाली आणि माझा लाल पेन घेऊन अहवालाच्याच पाठीवर चित्र काढू लागली. तांबड्या रक्तपेशींत हिमोग्लोबिन असते. रक्तातली साखर त्याच्या एका साखळीच्या टोकाशी जाऊन चिकटते. हाही प्रथिनातला बदलच. पण इथे कोणी लेखक नाही. विकर नको, सांगावा नको; साखर जितकी जास्त आणि जितके दिवस जास्त, तितकी ती चिकटत जाते. आणि एकदा ती पुरती बसली की खोडणाराही कामाचा उरत नाही. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या दिवसांचा हिशेब अंगावर वागवत मरते. मधुमेही माणसांत हे साखर चिकटलेले हिमोग्लोबिन वाढलेले असते, हे तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर यांनी १९६८ मध्ये दाखवले. आज जगभरची मधुमेहाची देखरेख मुख्यतः त्यावर चालते. निरोगी माणसात ५.७ च्या खाली, ६.५ च्या पुढे मधुमेह. माझे ९.१.

म्हणजे माझ्या अंगात, कोणी न घडवता, खबऱ्यांचे एक सैन्यच फिरत होते. मी तसे म्हटले. तिने मान हलवली. 'हे खबरे नाहीत. ही बखर आहे. काय झालं ते सांगते, केव्हा झालं ते सांगत नाही, आणि पुसता येत नाही. आमचं काम उलटं. आम्हाला पुसलेलं दिसायला हवं.' बखर हा शब्द तिने वापरला याचे मला, त्या अवस्थेतही, बरे वाटले. लोहाची कमतरता असेल किंवा तांबड्या पेशी अकाली मरत असतील तर ही बखरही खोटे बोलते, हे तिने जाता जाता सांगितले, पण त्या आडोशाला मला उभे राहू दिले नाही. माझे लोह व्यवस्थित होते. तेही त्याच कागदावर छापलेले होते.

त्यानंतर बराच वेळ आम्ही लेखाविषयीच बोललो. मला वाटते, ती मला सावरायला वेळ देत होती. तिने आणखी एक खूण सांगितली : साखरेचाच एक रेणू, पण विकराने बसवलेला. प्राणिपेशीत तो बसवायला मुख्यतः एकच विकर आणि काढायलाही एकच. लारा महाल यांच्या गटाने २००६ मध्ये तिच्यासाठी असाच रंग बदलणारा रेणू केला. त्यासाठी वाचक आणला तो एका जिवाणूकडून उसना. अशा उसनवारीवर हे सगळे शास्त्र चालते असे तिचे म्हणणे. कोणत्या तरी जीवाने कधी तरी ती खूण ओळखायला शिकलेले असते. आपण तो तुकडा उचलायचा आणि दुसऱ्या वाक्यात बसवायचा.

मग तिने जिवाणूंच्या एका प्रयोगाची गोष्ट सांगितली, आणि ती मला इतर सगळ्यांहून भयंकर वाटली. इन्सुलिन पेशीच्या दाराशी आले की तिथले ग्राहक प्रथिन स्वतःवरच फॉस्फेटच्या खुणा करते; पीटीपी-१बी नावाचे विकर त्या पुसते. ज्या उंदरांत हे खोडणारे विकरच नव्हते त्यांच्यावर इन्सुलिनचा परिणाम अधिक झाला, हे १९९९ मध्ये दिसले, आणि तेव्हापासून त्याला अडवणाऱ्या औषधाचा शोध चालू आहे. कोलोराडो विद्यापीठातल्या जेरोम फॉक्स यांच्या गटाने एक युक्ती केली. त्यांनी ई. कोलाय या जिवाणूत एक लेखक, एक वाचक आणि हे खोडणारे विकर, असे तिघेही आणून बसवले. खूण टिकली आणि वाचकाने धरली, तरच जिवाणूचे प्रतिजैविकापासून रक्षण करणारे जनुक चालू होणार. खोडणारा आपले काम करत राहिला तर जिवाणू मरणार. मग त्या जिवाणूंना वनस्पतींसारखी सुगंधी द्रव्ये घडवणारी निरनिराळी जनुके दिली आणि प्रतिजैविकात सोडून दिले. ज्याने घडवलेले द्रव्य खोडणाऱ्याचा हात धरील तो जगेल. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात वाचलेल्यांकडे जी द्रव्ये सापडली त्यांत अमॉर्फाडाइन होते. मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनच्या वाटेवरचा हा रेणू. त्याचे औषध झालेले नाही, आणि पुष्कळ रेणू इथवर येऊन थांबतात, हे तिने दोनदा बजावले.

इथे रंग नाही, सूक्ष्मदर्शक नाही. जगणे हेच उत्तर. मी म्हटले, हा कसला वाचक, ही तर परीक्षा झाली. ती म्हणाली, 'हो, पण यात पेपर काढणाऱ्याला उत्तर माहीत नसतं.'

त्या वाक्यावर मी थोडा वेळ काही बोललो नाही.

अलीकडे, २०२५ च्या जानेवारीत, टेक्ससमधल्या राइस विद्यापीठातल्या कॅलेब बाशोर यांच्या गटाने मानवी पेशींत लेखक-वाचकांच्या अशा नव्या साखळ्या जोडून, दाहाची चाहूल लागताच पेशीने त्यावर उतारा स्रवावा, इथपर्यंत मजल मारली आहे. खबऱ्या आता नुसती खबर देऊन थांबत नाही. मला त्यातले फारसे कळले नाही, आणि तिच्या लेखात ते एका परिच्छेदापुरतेच आहे. तिला स्वतःला जास्त काळजी वाटते ती जुन्याच गोष्टीची : पेशीत खबरे फार झाले, तर कायनेज खऱ्या प्रथिनांऐवजी त्यांच्याच कोऱ्या पाट्यांवर लिहीत बसते, आणि जे पाहायचे तेच पाहण्यामुळे बिघडते. खबरे किती ठेवायचे, हात किती सैल ठेवायचा, यावर तिची दोन वर्षे गेली आहेत. सैल पकडीच्या वाचकाला बारीक खुणा निसटतात, घट्ट पकडीचा सोडत नाही. दोन्हींच्या मधले माप प्रत्येक खुणेसाठी नव्याने काढावे लागते.

जानेवारीत ती गेली. जाण्यापूर्वी तिने ताईला काही सांगितले नाही. मला सांगायला लावले. ताईने वडिलांचा विषय काढला नाही. श्रीखंडाचा काढला.

लेखाचा शेवटचा खर्डा गेल्या आठवड्यात आला. 'संवेदक' एकदाच आहे, बाकी सर्वत्र 'खबऱ्या'. १४-३-३ च्या परिच्छेदात तिने लिहिले आहे की पहिला वाचक 'हट्टी' होता. हा शब्द मी वापरला नसता. तीनच वाक्यांपूर्वी ती मुलांना सांगते की रेणूंना इच्छा नसते. मी सवयीने लाल पेन उचलला, मग ठेवला, आणि शिसपेन्सिलीने समासात एक प्रश्नचिन्ह करून कागद तिला परत पाठवला. तिने प्रश्नचिन्हाला उत्तर दिलेले नाही आणि 'हट्टी' तसाच ठेवला आहे.

उद्या सकाळी पुन्हा रक्त द्यायचे आहे. या तपासणीला उपाशीपोटी जावे लागत नाही. नोव्हेंबरात माझ्या अंगात फिरत होत्या त्या तांबड्या पेशींपैकी बहुतेक आता नाहीत. उद्या साक्ष देतील त्या त्यांच्यामागून आलेल्या. डिसेंबरातले पहिले पंधरा दिवस मी फारसे पथ्य पाळले नव्हते. काही पेशी त्या दिवसांतल्याही निघतील.